शोभेची नाशपाती: ऑक्टोबरात चार गुच्छ फुले, फेब्रुवारीत एकही नाही

टिळकवाडी_अंगण

नमस्कार मंडळी. बेळगावात घरापुढे कंपाउंडच्या आत शोभेच्या नाशपातीचे एक झाड आहे. परराज्यातून ऑनलाइन मागवलेले कलम, चिठ्ठीवर जातीचे नाव 'ब्रॅडफर्ड' असे लिहिलेले. जमिनीत लावून तीन पावसाळे झाले. उंची दहा फुटांच्या आसपास, बुंधा मनगटाएवढा. माती तांबडी, दोनेक फुटांवर जांभा लागतो. उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा पाणी, जूनच्या तोंडावर शेणखत आणि दर महिन्याला मूठभर १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचे खत) देते.

पाने यायच्या आधी पांढऱ्याशुभ्र फुलांनी झाकलेले झाड फोटोत पाहून लावले. प्रत्यक्षात चाललेय ते असे:

ऑगस्टमध्ये पानांवर काळपट ठिपके पडतात, सप्टेंबर संपेपर्यंत निम्म्याहून जास्त पाने गळतात. मग ऑक्टोबरात अवेळी चार-सहा गुच्छ फुले आली. फेब्रुवारीत मात्र एक फूल नाही. मार्च संपत आला तरी पालवी फक्त शेंड्यांना, खालच्या फांद्या उघड्याच.

फांद्या सगळ्या एकाच जागेतून निघून खराट्यासारख्या सरळ वर गेल्यात. वळवाच्या वाऱ्यात फाटतील अशी भीती वाटते. एका बाजूने हेस्कॉमची (वीज कंपनीची) तारही गेली आहे.

बुंध्याच्या तळातून काटेरी फूट येते, ती वेगाने वाढते. तिचे काय करू?

खत कमी पडतेय की पाणी? की हे झाड आपल्याकडचे नव्हेच?

---

खानापूरकर

ताई, खत कमी पडत नाहीये, जास्त होतेय. त्याकडे नंतर येतो. ऑक्टोबरातल्या त्या चार-सहा गुच्छांतच तुमचे उत्तर आहे, तेव्हा आधी ते बघू.

नाशपातीचा फुलाचा डोळा, म्हणजे न उमललेला कोंब, फुलायच्या बऱ्याच महिने आधी, आदल्या हंगामाच्या वाढीवर तयार होऊन बसतो. झाडावर पाने शाबूत असतात तोवर ती त्याला दाबून ठेवतात. पुढे थंडी पडू लागली की डोळा गाढ झोपेत जातो. ती झोप मोडायला साधारण ७ अंशांच्या खालची थंडी लागते, तीही एक-दोन रात्रींची नव्हे, तासन् तास साठत गेलेली. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ वर असतो, एखाद-दुसरी रात्र १० च्या खाली जाते. म्हणजे डोळ्यांना झोपवण्याइतकी थंडी आपल्याकडे आहे, उठवण्याइतकी नाही. उटी २२०० मीटरच्या वर आहे, कोडाईकनाल २१०० च्या आसपास. तिथे नाशपाती बागेत दिसते ती याच फरकामुळे. शेंड्यालाच पालवी आणि खाली उघड्या फांद्या हे अपुऱ्या थंडीचे ठरलेले लक्षण. शेंड्याचा डोळा कसाबसा उठतो, बाकीचे पडून राहतात.

आता तुमच्याकडे ऑक्टोबरात काय झाले? ठिपक्यांच्या रोगाने पाने अकाली गळाली. डोळे तयार होते, त्यांना दाबणारी पाने गेली, आणि थंडी अजून पडलेली नव्हती म्हणून ते गाढ झोपलेही नव्हते. तेवढ्या फटीत जे फुलायचे ते फुलले. झाड वेडे झालेले नाही, बरोबर वागले. फुले चार-सहाच आली, कारण आजारी पानांनी डोळे पोसलेच नाहीत.

तर हीच गोष्ट आपण ठरवून करायची. पावसाळाभर पाने टिकवायची आणि परतीचा पाऊस संपला की ती आपल्या हाताने काढायची. इंडोनेशियात डोंगरांवर सफरचंद याच युक्तीने घेतात.

पाने टिकवण्यासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. चुना विझून गार झाला की गाळून घ्या, मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. हे झाले एक टक्क्याचे द्रावण. कोवळ्या पानांवर मात्र मोरचूद आणि चुना दोन्ही निम्मे घ्या, कारण ढगाळ ओल्या हवेत फवारा लवकर वाळत नाही आणि तांब्याने पान करपते. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, पुढच्या उघडीप बघून तीन-चार आठवड्यांनी, ऑगस्ट अखेरपर्यंत. पानाच्या खालच्या बाजूलाही पोचले पाहिजे. द्रावण त्याच दिवशी संपवा. गळलेली पाने झाडाखाली ठेवू नका, रोगाचे बीज त्यातच राहते. आच्छादनाला तर मुळीच वापरू नका.

परतीचा पाऊस थांबला की दोन आठवडे पाणी तोडा. दिवाळीच्या आसपास, पाने गडद आणि जाडसर झालेली असताना, पाने काढा. ओढून उपटायची नाहीत, देठाच्या बेचक्यातला डोळा मोडतो. कात्रीने पाते कापायचे, देठ ठेवायचा. तो आठ-दहा दिवसांत आपोआप गळतो. लगेच आळे भरून पाणी द्या आणि पुढे नेहमीसारखे चालू ठेवा. डोळे फुगायला तीनेक आठवडे लागतात, कमीजास्त होते. म्हणजे बहर नोव्हेंबर अखेर-डिसेंबरात येईल, फेब्रुवारीत नाही. आणि फोटोतल्यासारखा एकसाथ नाही, विखुरलेला येईल. हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या वर्षी पाने रोगाने आधीच गेली असतील त्या वर्षी हा उद्योग करू नका. साठाच नसलेल्या झाडाला पुन्हा पालवी काढायला लावले तर ते खंगते.

१९:१९:१९ बंद. दर महिन्याच्या नत्राने लांब, कोवळ्या, उभ्या फांद्या सुटतात, फुलाचे डोळे धरत नाहीत, आणि ठिपके कोवळ्या पानालाच आधी धरतात. या वयाच्या झाडाला जूनच्या सुरुवातीला दोन घमेली कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते.

एक धोक्याची सूचना. अथणी-तासगावकडचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. कुणी तरी तुम्हाला ती सुचवेलच. घरच्या बागेत आणू नका. कातडी भाजते, श्वासातून बाधते, आणि हाताळल्यानंतर पुढचे काही दिवस दारू पोटात गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो. एका झाडाच्या फुलांसाठी एवढा धोका कशाला घ्यायचा?

---

हिंदवाडी_कात्री

फुलांचे खानापूरकरांनी सांगितले. मी फांद्यांचे सांगतो, कारण फुले आली नाहीत तरी झाड उभे राहते, पण फाटले तर संपले.

'ब्रॅडफर्ड'चा हा जन्मजात दोष आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने मेरीलँडमधल्या ग्लेन डेल केंद्रातून १९६३ मध्ये ही जात बाहेर काढली. भराभर वाढते, आकार सुबक, म्हणून तिकडे गल्लोगल्ली लावली. पंधरा-वीस वर्षांनी वादळात झाडे मधोमध फाटू लागली. फांद्या अरुंद कोनात एकाच जागी निघतात, जाड होत जातात तशी दोघींच्या मधली साल आत दाबली जाते, आणि तिथे लाकूड लाकडाला जोडलेच जात नाही. वरून सांधा धडधाकट दिसतो, आत नुसती सालीची फट.

तुमच्याकडे ते कसे ओळखायचे: फांदी जिथून निघते त्या बेचक्यात बघा. साल उचलून वर वरंबा आलेला असेल तर सांधा चांगला. साल आत वळून खाली रेघ गेलेली असेल तर वाईट. बुंध्याशी ३० अंशांपेक्षा कमी कोन असेल तर बहुतेक वाईटच निघतो.

तीन वर्षांचे झाड म्हणजे अजून वेळ हातात आहे. मधला एक सरळ शेंडा मुख्य म्हणून ठरवा. बाकीच्यांतून चारी दिशांना जाणाऱ्या चार-पाच फांद्या ठेवा, बुंध्यावर एकीपासून दुसरी वीतभर तरी वर-खाली असलेल्या. उरलेल्या एकाच वर्षी काढू नका. एका वेळी झाडाचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. जास्त कापले की पाणसोट (सरळ वर जाणारी जोमदार फूट) उसळतात, म्हणजे पुन्हा तेच. ज्या फांदीला लगेच काढता येत नाही तिला अर्ध्यावर छाटून दुबळी करा, मुख्य शेंडा तिच्या पुढे निघून जातो. मग पुढच्या वर्षी मुळातून काढा.

ठेवलेल्या फांद्या वाकवायच्या. बोटाएवढी जाड फांदी जून-जुलैत, झाडात रस असताना, हाताने हळू खाली दाबून बघा. ४५ ते ६० अंशांवर आणून सुतळीने जमिनीतल्या खुंटीला बांधा. फांदीवर सुतळी थेट नको, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर दोन महिन्यांत सुतळी सालीत रुतते. जाड फांदीला दोन-तीन टप्प्यांत खाली आणा. नवी कोवळी फूट वितीएवढी असतानाच कपड्याचा चिमटा बुंध्याला लावून तिच्यावर टेकवला की कोन आपोआप मोठा होतो, हा सगळ्यात स्वस्त उपाय. आडव्या फांदीवर शेंड्याचा जोर कमी होतो आणि लांबीभर डोळे फुटतात. म्हणजे तुमच्या उघड्या फांद्यांचा प्रश्नही इथेच थोडाफार सुटतो.

कापताना फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेर कापा. बुंध्याला सपाट घासून नाही आणि खुंटी ठेवूनही नाही. मनगटाच्या जाडीची असेल तर आधी फूटभर बाहेर खालून एक छेद, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवा, शेवटी कंगोऱ्याशी नीट. नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत येते. जखमेला बोर्डो पेस्ट: तेच १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, पण पाणी १ लिटर.

तळातली काटेरी फूट ही खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधले त्याची. कलमाच्या जोडाखालून येते आणि वरच्या झाडाच्या तोंडचा घास पळवते. वरून छाटलीत तर दुपटीने येईल. माती उकरून जिथून निघते तिथपर्यंत जा आणि कोवळी असतानाच खाली ओढून उपटा. तिला वाढू दिले तर आणखी एक भानगड होते. 'ब्रॅडफर्ड' स्वतःच्या परागाने फळत नाही, पण खुंटाच्या किंवा दुसऱ्या जातीच्या फुलाशी जुळले की फळ धरते. पाखरे बी पसरवतात, त्यातून काटेरी रोपे उगवतात. अमेरिकेत ओहायोने २०२३ पासून आणि पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना यांनी २०२४ पासून या झाडाच्या विक्रीवर बंदी घातली ती त्यामुळेच.

हेस्कॉमच्या तारेजवळची छाटणी स्वतः करू नका, त्यांच्या लाइनमनला बोलवा. झाड मोकळे सोडले तर तीस-चाळीस फूट जाते.

---

टिळकवाडी_अंगण

दोघांचेही आभार. बेचक्यात बघितले, तीन ठिकाणी साल आत गेलेली दिसतेय. तळातली फूट उद्याच काढते.

दोन शंका. ही फांद्यांची छाटणी जानेवारीत करू की पाने काढताना? आणि माझी बहीण चिकोडीला असते, तिथे काळी जमीन. तिलाही असेच झाड हवे आहे. लावू दे का?

---

निपाणी_काळे_रान

बहिणीला थांबवा ताई.

काळ्या जमिनीत दोन गोष्टी नडतात. पहिली चुनखडी. सामू (पीएच) आठच्या वर गेला की जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, पुढे कडा करपतात. नर्सरीवाल्याने क्विन्सच्या (नाशपातीच्या जवळच्या एका फळझाडाच्या) खुंटावर कलम बांधलेले असेल तर हे सगळ्यात लवकर दिसते. लोक मग फेरस सल्फेट मातीत टाकतात. चुनखडीच्या जमिनीत ते टाकले की लगेच अडकते, पैसे पाण्यात. घालायचेच तर ईडीडीएचए रूपातले चिलेटेड लोह, तेच एवढ्या सामूला टिकते. ते महाग, आणि सारखे द्यावे लागते.

दुसरी गोष्ट पाणी. चिकोडीला तुमच्या निम्माच पाऊस असेल, पण काळी माती एकदा भिजली की आठवडा-आठवडा सोडत नाही. खोल खड्डा खणून त्यात शेणखत-वाळू भरली तर तो खड्डा म्हणजे हौद होतो. भोवतालचे पाणी त्यात झिरपते आणि मुळे कुजतात. पाने दुपारी मलूल, माती मात्र ओली, असे दिसले की पाणी वाढवू नये. मुळाजवळची साल नखाने खरवडून बघावी. आत तपकिरी आणि आंबूस वास म्हणजे कुज.

तरीही हौसच असेल तर खड्डा नको, जमिनीवर फूट-दीड फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. कलमाचा जोड मातीच्या चार बोटे वर. तुमच्या जांभ्याच्या जमिनीलाही निचऱ्याची परीक्षा लागू आहे. झाडापासून चार फुटांवर फूटभर खोल खड्डा काढा, एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. तासाला इंचभर तरी पाणी उतरले पाहिजे. नाही उतरले तर पावसाळ्याआधी आळे मोडून टाका आणि उताराच्या बाजूला चर काढा. उन्हाळ्याचे आळे जुलैत तसेच ठेवणे ही आपल्याकडची नेहमीची चूक.

तांबड्या मातीत वाळवीही बघत जा. आच्छादन तीन इंच चालेल, पण बुंध्यापासून वीतभर लांब. सालीवर मातीचे पापुद्रे चढले की खरवडून काढा आणि तळाचा दोन फूट बुंधा बोर्डो पेस्टने रंगवा.

---

खानापूरकर

छाटणीच्या वेळेबद्दल. दोन्ही कामे दिवाळीच्या वेळीच करा, जानेवारीत नको. जानेवारीत छाटलेत तर नुकती आलेली पालवी कापाल. फक्त आधी डोळे ओळखायला शिका. फुलाचा डोळा जाड, गोलसर, लवदार असतो. पानाचा बारीक आणि टोकदार. जाड डोळ्यांचे आखूड काटके दिसतील ते ठेवा. छाटणीच्या नावाखाली शेंडे सरसकट मारले की त्या वर्षीची फुले कात्रीबरोबर जातात.

शेंडा वाळलेला दिसला तर इंटरनेट बघून लगेच 'फायर ब्लाइट' (नाशपातीचा जिवाणूजन्य करपा) ठरवू नका. आपल्याकडे आधी खोडकिडा आणि मूळकुज तपासा. बुंध्यावर भोक आणि खाली भुसा असेल तर किडाच. तार घालून मारा, भोक चिखलाने बुजवा.

---

जांबोटी_वाट

एवढी खटपट करून विखुरलेली फुलेच मिळणार असतील तर बहिणीच्या अंगणात नाशपाती कशाला? पाने नसताना पांढरे फुलणारे झाड हवे ना, मग वायवर्ण लावा. पानगळीचे झाड, मार्च-एप्रिलमध्ये फुलते. फुले पांढरी, मग पिवळसर होत जातात, मधून लांब जांभळट पुंकेसर. पान बेलासारखे तीन दलांचे. ओढ्याकाठचे झाड असल्यामुळे ओली जमीन सोसते आणि थंडीची त्याला गरजच नाही. आयुर्वेदातला वरुण तो हाच. ग्रेट ऑरेंज टिप या फुलपाखराच्या अळ्या याच्यावर वाढतात, तेव्हा पाने खाल्लेली दिसली तर फवारू नका. मुळांतून फुटवे येतात, ते काढावे लागतात. वीस-पंचवीस फूट जागा मात्र द्या, भिंतीला चिकटून नको. जागा थोडी असेल तर पांढरा कुडा. लहान झाड, आपल्याच रानातले. फक्त त्याची फुले पानांबरोबर येतात.

टिळकवाडीच्या झाडाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. 'ब्रॅडफर्ड' म्हणून ठेवण्यापेक्षा त्याच्यावर कमी थंडीत येणारी नाशपाती चढवा. पंजाबच्या मैदानात लावतात ती पत्थरनाख. फुले तशीच पांढरी, वर फळही. बेळगावात तिलाही थंडी पुरी पडणार नाही, पाने काढायची युक्ती लागेलच, पण मागणी बरीच कमी. खुंट तयार आहे, मुळे धरलेली आहेत, मग झाड उपटायचे कशाला? काड्या पेन्सिलच्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या, झोपेत असताना काढलेल्या हव्यात. ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. त्याच कप्प्यात फळे ठेवू नका, त्यांच्या वायूने डोळे मरतात. झाडाचे डोळे हलू लागले की अंगठ्याच्या जाडीच्या दोन-तीन फांद्यांवर पाचर कलम करा, म्हणजे फांदी कापून तिच्या चिरेत पाचरीसारखी तासलेली काडी बसवा. निदान एका बाजूला सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला जुळलाच पाहिजे. पट्टी घट्ट बांधून वरचे टोक मेणाने बंद. बाकीच्या फांद्या पहिल्या वर्षी तशाच ठेवा, झाडाला पाने लागतात.

---

टिळकवाडी_अंगण

वायवर्णाचे बहिणीला कळवते. पत्थरनाखच्या काड्या मागवायच्या तर कोणत्या महिन्यात?

---

जांबोटी_वाट

तिकडे जानेवारीत छाटणी चालते, तेव्हा. पार्सलला तीन-चार दिवस लागले तरी चालते. आल्यावर सालीला नख लावून बघा: हिरवी आणि ओलसर असेल तरच फ्रिजमध्ये ठेवा, सुरकुतलेल्या काड्या फेकून द्या. आणि आत्ताच एका फांदीला चिमटे लावून ठेवा, वळीव सुरू व्हायच्या आत.